साडेचारशे वर्षांची शाळा आणि आमची इलेव्हन प्लस

ओळखीतल्या बऱ्याच जणी सध्या एकच विचारतायत, "तुमच्याकडे क्यूई मिळालं ना, काय काय केलंत ते सांग की", आणि प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. क्यूई म्हणजे क्वीन एलिझाबेथ्स स्कूल, बार्नेट. उत्तर लंडनमध्ये नॉर्दर्न लाईनचं शेवटचं स्टेशन हाय बार्नेट, तिथून चालत जाता येतं. फक्त मुलांची शाळा, सरकारी, फी शून्य, आणि प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर. आधीच सांगते, पोराला टॉपर कसं बनवायचं टाईप काही यात मिळणार नाही. मला स्वतःला या सगळ्या भानगडीत अभ्यासापेक्षा शाळेच्या इतिहासाचंच वेड लागलं, नवरा तर म्हणायचा की परीक्षा त्याची आहे का तुझी.

ज्यांना इथली सिस्टीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा घ्यायचे, तीच इलेव्हन प्लस. पास झालेली पोरं ग्रामर स्कूलला, बाकीची बहुतेक सगळी सेकंडरी मॉडर्नला, म्हणजे अकराव्या वर्षी ठरून जायचं की हा पुढे युनिव्हर्सिटीत जाणार आणि तो कारखान्यात. मग १९६५ ला लेबर सरकारनं एक परिपत्रक काढलं की हे बंद करा, सगळ्यांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा करा, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ग्रामर शाळा एक तर कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या नाहीतर फी घेणाऱ्या प्रायव्हेट झाल्या. गंमत म्हणजे यातल्या ढीगभर शाळांच्या बदलावर सही झाली ती मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना, आणि त्या स्वतः ग्रामर स्कूलच्या. आज अख्ख्या इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्यात आणि १९९८ च्या कायद्यानं नवीन काढायला बंदी आहे. म्हणून ही मारामारी. आमच्या बार्नेट बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या आमच्या प्रशासकीय विभागात, तीन आहेत, मुलांची क्यूई, मुलींची हेन्रिएटा बार्नेट आणि एक कॅथलिक मुलींची. आणि हो, क्वीन एलिझाबेथ्स गर्ल्स नावाची पण एक शाळा तिथेच जवळ आहे, ती ग्रामर नाही, तिला इलेव्हन प्लस नाही, नाव सारखं म्हणून दरवर्षी कोणीतरी गोंधळतंच.

आमचं सुरू झालं ते लेक इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा असताना. मी साताऱ्याची, चौथीची स्कॉलरशिप दिलेली, बुद्धिमत्ता चाचणीची ती आकृत्यांची पुस्तकं, बाईंनी शाळा सुटल्यावर घेतलेले जादा तास, सगळं डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे मला वाटलं हे तर आपल्या ओळखीचं आहे. पण आपल्याकडे स्कॉलरशिप नाही मिळाली तरी पोरगं त्याच वर्गात त्याच मित्रांबरोबर पाचवीत जायचं, इथे मित्रच वेगळ्या शाळेत जातात, हा फरक मला उशिरा जाणवला आणि मग पोटात गोळा यायला लागला.

क्यूईची परीक्षा म्हणाल तर दोन पेपर, इंग्लिश आणि मॅथ्स, मल्टिपल चॉइस. इतर काही ग्रामरना व्हर्बल रीझनिंग, नॉन-व्हर्बल असं बरंच असतं, इथे ते नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? तीच तर मेख. दोनशेच्या आत जागा आणि अर्ज तीन हजारांच्या घरात, त्यात शाळेला कॅचमेंट नाही, म्हणजे बार्नेटमध्ये राहताय म्हणून काही फायदा नाही, हॅरो, एन्फील्ड, हर्टफर्डशायर, कुठनंही पोरं येतात. त्यामुळे गणित येणं महत्त्वाचं नसतंच, सगळ्यांनाच येतं, ते किती पटापट आणि न चुकता येतं एवढंच राहतं. मार्क वयानुसार ॲडजस्ट करतात ते एक बरंय, कारण आमचा ऑगस्टचा, वर्गात सगळ्यात लहान, सप्टेंबरमध्ये जन्मलेली पोरं त्याच्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठी.

ट्यूशनबद्दल सगळे विचारतात. लावली होती, खोटं कशाला बोलू. आधी वर्षभर घरीच पुस्तकं आणून केलं, शेवटच्या वर्षी आठवड्यातून एकदा क्लास, आणि उन्हाळ्यात मॉक टेस्ट. मॉक टेस्ट हा एक वेगळाच धंदा आहे हां, रविवारी सकाळी कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये दोनशे पोरं आत आणि बाहेर चारशे पालक, निम्मे आपलेच, म्हणजे तमिळ, गुजराती, तेलुगू, मराठी, श्रीलंकन, आणि सगळे एकमेकांकडे बघून हसतायत पण कोण कुठला क्लास लावलाय ते काही सांगत नाहीयेत. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "आम्ही विशेष काही करत नाही", आणि तिच्या पिशवीतनं तीन क्लासच्या फाईली डोकावत होत्या. पैशांचा हिशोब मी मुद्दाम मांडत नाही, पण फुकट शाळेसाठी आम्ही जे खर्च केलं त्यात सगळ्यांची भारतवारी झाली असती. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांची पोरं या रांगेत येतच नाहीत, हे मला तेव्हाही खटकायचं आणि आताही खटकतं, खटकत असूनही आम्ही रांगेत उभे राहिलो, ते पण सांगून टाकते.

आता इतिहास. ओपन इव्हिनिंगला गेलो तेव्हा मला सगळ्यात आधी लक्षात राहिलं ते साल, १५७३. पहिल्या एलिझाबेथ राणीनं त्या वर्षी शाळेला सनद दिली. राणीकडे अर्ज कोणी केला, तर रॉबर्ट डडली, लेस्टरचा अर्ल, तिचा अगदी खास माणूस. शाळेतल्या सहा हाऊसपैकी एकाचं नावच लेस्टर आहे. गावातल्या मुलांना लॅटिन वगैरे शिकवायचं, चांगलं वळण लावायचं, असा एकूण हेतू. रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना सांगितलं, शाळा शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ५७ वर्षं आधीची आहे. बाबा वारकरी, त्यांनी दोन सेकंद आकडेमोड केली आणि म्हणाले, "१५७३ म्हणजे शके १४९५. अगं त्याच साली नाथांनी काशीत भागवत पूर्ण केलं." मी गारच. म्हणजे इकडे बार्नेटच्या टेकडीवर पोरांना लॅटिन शिकवायची परवानगी निघत होती आणि तिकडे एकनाथ महाराज संस्कृतातलं मराठीत आणून ठेवत होते. याचा त्याचा संबंध काहीच नाही, पण बाबांना ती शाळा त्या दिवसापासून एकदम आपली वाटायला लागली, रोज विचारायचे, नाथांच्या शाळेचं काय झालं.

जुनी इमारत अजून उभी आहे. ट्यूडर हॉल म्हणतात, वूड स्ट्रीटवर, चर्चच्या समोर, लाल विटांची, आता ती कॉलेजच्या ताब्यात आहे. एका मॉकनंतर लेकाला तिथे घेऊन गेले, त्याला इमारतीत शून्य इंटरेस्ट, त्याला भूक लागलेली. साडेतीनशे वर्षं शाळा त्या जागेत भरली आणि मग १९३२ ला क्वीन्स रोडवर आत्ताच्या जागेत आली, मोठं मैदान वगैरे. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ पण १९३२ चंच, न. चिं. केळकरांनी सुरू केलेलं. हे मी मंडळाच्या गणपतीत दोघा-तिघांना उत्साहानं सांगितलं, कोणालाही काही पडलेलं नव्हतं, सगळे मोदकाच्या लाइनीत होते.

पण खरी गोष्ट कळली ती आमच्या शेजारच्या आजोबांकडून. ऐंशी पार केलेले इंग्लिश गृहस्थ, हातात कायम बागेची कात्री. त्यांना कळलं की आमच्याकडे क्यूईची तयारी चाललीय, तर म्हणाले मी तिथलाच, पन्नासच्या दशकातला. बार्नेट तेव्हा लंडनमध्ये पण नव्हतं, हर्टफर्डशायरमध्ये होतं, ते १९६५ ला लंडनला जोडलं. ते पास झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ नापास झाला. तो सेकंडरी मॉडर्नला गेला, पंधराव्या वर्षी कामाला लागला, आणि आईनं घरात यांचा युनिफॉर्म भावासमोर कधी इस्त्री केला नाही म्हणे, तो झोपल्यावर करायची. हे सांगताना आजोबा कुंपणाची छाटणी करत होते, थांबले पण नाहीत. आणि मग म्हणाले, पण तुला ते माहितीय ना की मधली वीसेक वर्षं ही ग्रामर नव्हतीच?

मला माहीत नव्हतं. कुठल्याच क्लासवाल्यानं, कुठल्याच पालकानं सांगितलं नव्हतं. घरी येऊन वाचत बसले. तर १९७१ ला क्यूई कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, परीक्षा बंद, सगळ्यांना दार उघडं. तेव्हा सगळीकडे तेच चाललेलं. १९८४ ला एमन हॅरिस नावाचे हेडमास्टर आले, त्यांनी शाळेला पुन्हा वर काढायचं मनावर घेतलं, १९८९ ला शाळा ग्रँट-मेंटेन्ड झाली, म्हणजे कौन्सिलच्या हाताखालून निघून थेट केंद्राच्या पैशावर चालायला लागली, आणि १९९४ ला पुन्हा परीक्षेनं प्रवेश सुरू. असं उलटं फिरून परत ग्रामर झालेल्या शाळा फार म्हणजे फार थोड्या. १९९८ च्या कायद्यानंतर तर तो रस्ताच बंद झाला, चार वर्षं उशीर झाला असता तर आज क्यूई साधी शेजारची शाळा असती आणि आम्ही कुठल्या तरी तिसऱ्याच शाळेमागे धावत असतो.

माझं मत विचाराल तर हे समजल्यावर मी त्या १५७३ कडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. नाव साडेचारशे वर्षांचं, सनद खरी, त्यात काही खोट नाही, २०२३ ला साडेचारशे वर्षं झाली तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा कार्यक्रम झाला. पण ज्या रिझल्टसाठी आपण जीव टाकतो ते सगळे १९९४ नंतरचे. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीसारख्या परीक्षेला, वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त पेपरांना ए-स्टार ते बी, ऑक्सफर्ड-केंब्रिजला दरवर्षी चाळीस-पन्नास पोरं, २००७ ला संडे टाइम्सचा स्टेट सेकंडरी स्कूल ऑफ द इयर, देशातल्या सरकारी शाळांच्या यादीत कायम वरच्या दोन-चारात. आता तीन हजारांतनं वरची दोनशे उचलली तर रिझल्ट चांगले लागणार हे सांगायला कोणी पंडित नको. म्हणजे शिक्षक काही करत नाहीत असं मी म्हणत नाहीये, करतात, आता रोज बघतेय, होमवर्क बघितलं की मलाच घाम फुटतो. पण किती श्रेय राणीला, किती शिक्षकांना आणि किती सप्टेंबरमधल्या त्या प्रवेश परीक्षेच्या चाळणीला, हा हिशोब कोणी मांडत नाही.

परीक्षेचा दिवस झटक्यात गेला. सप्टेंबर २०२४, शाळेबाहेर लांब रांग, पोरांच्या हातात पारदर्शक पिशवीत पेन्सिली आणि पाण्याची बाटली, एक वडील शेवटच्या क्षणी पोराला टक्केवारी विचारत होते आणि पोरगं ढगात बघत होतं. आमचा बाहेर आला तर म्हणाला, "बरा होता." कसला बरा, किती राहिले, काही नाही, थेट विचारलं जेवायला काय. त्याला डोसा खायचा होता, जाऊन खाल्ला.

ऑक्टोबरमध्ये मार्कांची वाट बघत असताना एक बातमी आली, डेमिस हसाबिसना केमिस्ट्रीचं नोबेल, प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरकडून ओळखून घेतल्याबद्दल, ते गूगल डीपमाइंडवाले. आणि आमच्या इलेव्हन प्लसच्या गटात धमाल सुरू झाली, क्यूईचा माजी विद्यार्थी, बघा बघा, इलेव्हन प्लसची ताकद. मला तोपर्यंत साल पाठ झालेले, मी बघितलं, हसाबिस क्यूईत होते १९८८ ते १९९०. म्हणजे शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह असताना! परीक्षा न घेणाऱ्या क्यूईत! नंतर ते फिंचलीच्या क्राइस्ट्स कॉलेजला गेले, ती पण कॉम्प्रिहेन्सिव्ह. मी हे गटात टाकलं. दोन अंगठे आले आणि मग कोणीतरी मॉक टेस्टची जाहिरात टाकली. आजोबांना सांगितलं तर ते मात्र पोट धरून हसले.

आता प्रॅक्टिकल, कारण फोन मुख्यतः याचसाठी येतात. शाळेच्या परीक्षेसाठी शाळेकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते उन्हाळ्यात बंद होतं, सुट्टीला भारतात गेलात आणि तारीख गेली तर कोणी ऐकून घेत नाही. परीक्षा दिली म्हणजे अर्ज केला असं होत नाही. मार्क आले की ३१ ऑक्टोबरच्या आत आपल्या कौन्सिलच्या साईटवर मुख्य फॉर्म भरायचा, लंडनमध्ये सहा शाळा क्रमानं देता येतात, आणि क्यूई त्यात लिहिली नाही तर मार्क कितीही असोत, जागा नाही. क्रमाबद्दल लोक वाट्टेल ते सांगतात, पहिली लिहिली नाही तर शाळेला राग येतो वगैरे. शाळांना तुम्ही कितवा नंबर दिलाय ते कळतच नाही. ज्या ज्या शाळेच्या नियमात तुमचं पोर बसतं त्यातली तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली मिळते, इतकं साधं आहे. म्हणून मनात जी पहिली तीच पहिली लिहा. आणि सहाच्या सहा ग्रामर लिहू नका प्लीज, एक तरी अशी जवळची शाळा लिहा जी अंतरावर नक्की मिळेल आणि जिथे पाठवायला तुमची खरंच तयारी आहे. आम्ही आमच्या जवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्हला पण लेकाला घेऊन जाऊन आलो होतो, तिथली ड्रामाची टीचर त्याला इतकी आवडली की दोन दिवस म्हणत होता मला इथेच यायचंय. तो बोलायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

निकाल १ मार्चला असतो, २०२५ ला तो शनिवार आला म्हणून सोमवारी ३ तारखेला. क्यूई मिळाली. मी रडले, नवऱ्यानं ऑफिसातनं तीनदा फोन करून ईमेल परत वाचून घेतला. बाबांनी साताऱ्यात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं नाथांच्या शाळेत. लेकाचा बेस्ट फ्रेंड, त्याच्याबरोबर मॉक दिलेला, त्याला नाही मिळाली. त्याच्या आईला फोन करायला मला दोन दिवस लागले. ती चांगलं बोलली, पण त्यानंतर ते आमच्याकडे पूर्वीसारखे येत नाहीत, मुलंच फक्त ऑनलाईन खेळतात.

सप्टेंबरपासून तो जातोय. त्याला लेस्टर हाऊस मिळेल अशी मला उगाच आशा होती, मिळालं अंडर्न, त्याला काही फरक पडत नाही. फाइव्ह्ज नावाचा एक खेळ शिकलाय, तीन भिंतींच्या कोर्टात ग्लोव्ह घालून हातानं बॉल मारायचा, बॅट नाही रॅकेट नाही, आता घरात हॉलच्या भिंतीवर प्रॅक्टिस चालते आणि फोटोफ्रेम पडतात. वर्गात आडनावं वाचली तर निम्मा दक्षिण आशिया. शाळेत जूनमध्ये फाउंडर्स डे असतो, तिसऱ्या शनिवारी, चर्चमध्ये प्रार्थना, मग शाळेच्या इतिहासाची बखर मोठ्यानं वाचतात, मुलांची हजेरी घेतात आणि दुपारी जत्रा. त्या बखरीत ती १९७१ ते १९९४ ची वर्षं कशी येतात ते कान देऊन ऐकायचा माझा प्लॅन आहे. शेजारच्या आजोबांना पण बोलावलंय, ते म्हणाले गुडघ्यानं साथ दिली तर.

आणि आता धाकटी इयर फोरमध्ये गेलीय. तिच्यासाठी हेन्रिएटा बार्नेट, १९११ ची शाळा, हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये, लट्यन्सच्या इमारतीत, तेच लट्यन्स ज्यांनी नवी दिल्ली बांधली. तिथे परीक्षेच्या दोन फेऱ्या. तिला विचारलं द्यायची का परीक्षा, तर म्हणाली, "दादासारखं रविवारी जायला लागणार असेल तर नाही." नवरा म्हणतो नको लावू क्लास. पुस्तकं मात्र दादाची माळ्यावर ठेवलेली आहेत, अजून कोणाला दिली नाहीत, ज्यांना हवीत त्यांनी दिवाळीपर्यंत थांबा, तोपर्यंत आमचं काय ते ठरेल.